शेगडी आणि ओव्हन: एकत्र की वेगळे?



नव्या घराचा ताबा मिळाला की स्वयंपाकघराच्या नकाशावर घरातली सगळी माणसं वाकून बसतात. ओटा कडाप्प्याचा की ग्रॅनाइटचा, सिंक कुठल्या कोपऱ्यात, ट्रॉल्या किती, यावर भरपूर बोलणं होतं. ओव्हनचा विषय मात्र बहुतेक वेळा शेवटी, भिंतीला फरशा लागून गेल्यावर निघतो. दुकानात गेलं की मग तीन पर्याय समोर उभे राहतात. वर चार बर्नर आणि पोटात ओव्हन असलेलं एकच उभं यंत्र, म्हणजे कुकिंग रेंज. ओट्याचा दगड कापून बसवलेला हॉब आणि भिंतीच्या कपाटात बसवलेला वेगळा ओव्हन. आणि तिसरा, महाराष्ट्रातल्या असंख्य घरांनी कधीच पत्करलेला: ओट्यावर साधी गॅसची शेगडी, बाजूला ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा सुटा ओव्हन.

यातली रेंज दिसायला सर्वांत भारदस्त. तिचा हा आकार आला कुठून, ते पाहिलं तर निम्मा प्रश्न सुटतो.

युरोपातल्या घरांत कोळशाच्या काळात सगळ्या कामांना मिळून विस्तव एकच असे. त्याच आगीवर वरची बिडाची पाटी तापायची, बाजूच्या कप्प्यात पाव भाजला जायचा, पाणीही ऊन व्हायचं. आग एक म्हणून यंत्र एक, असा तो सरळ हिशेब होता. पुढे इंग्लंडमध्ये १८२६ साली जेम्स शार्प यांनी गॅसच्या शेगडीचं पेटंट घेतलं, आणि १८४१ मध्ये लंडनच्या रिफॉर्म क्लबच्या नव्या मुदपाकखान्यात आलेक्सी सोयर या फ्रेंच बल्लवाचार्यांनी गॅस वापरून दाखवला. प्रत्येक बर्नरला स्वतःची नळी आणि स्वतःची कळ आली. एकाच विस्तवाभोवती सगळं रचण्याची गरज तिथेच संपली. यंत्राचा आकार मात्र तसाच राहिला.

एकत्र यंत्राचा खरा फायदा ज्याने करून दाखवला, तो स्वीडनचा गुस्ताफ दालेन. १९१२ साली एका स्फोटात त्याची दृष्टी गेली आणि त्याच वर्षी त्याला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. घरी राहावं लागल्यावर बायकोचे स्वयंपाकाचे कष्ट त्याच्या ध्यानात आले, आणि १९२२ मध्ये त्याने आगा कुकर बनवला. एकच सौम्य विस्तव अहोरात्र चालू, आणि त्याच्या साठवलेल्या उष्णतेवर तव्याच्या पाट्या आणि ओव्हन दोन्ही तापलेले. तिथे दोन्ही जोडण्यात अर्थ होता. आजच्या रेंजमध्ये वरचे बर्नर आणि खालचा ओव्हन एकमेकांना काडीची उष्णता देत नाहीत. ते शेजारी आहेत ते केवळ एका पत्र्याच्या पेटीत बसवले म्हणून.

आपल्याकडे एका आगीची काटकसर चुलीला ठाऊक होती. चुलीशेजारच्या वैलावर वरण मुरत राही, दूध तापत राही. भाजण्याची भट्टी मात्र घरात नसे. गोव्यात ती पदेराची, म्हणजे पाववाल्याची, इतरत्र गावातल्या बेकरीची. दिवाळीआधी नानकटाईचं पीठ मळून, गोळे थाळ्यांत मांडून ते बेकरीत भाजून आणण्याची पद्धत अनेक शहरांत होती. मग अॅल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन घराघरांत आला आणि ओट्याच्या कडेला बसला. म्हणजे शेगडी आणि ओव्हन वेगवेगळे असणं ही मराठी घरातली जुनीच रीत आहे, आणि ती सोयीतूनच रुजली.

कारण उघड आहे. मराठी घरात शेगडी सकाळच्या चहापासून रात्रीच्या दुधापर्यंत पेटते. कुकर, पोळ्या, भाजी, फोडणी, सगळं तिच्यावर. ओव्हन बहुतेक घरांत कधीतरी लागतो: वाढदिवसाचा केक, पावसाळ्यात सादळलेला चिवडा, एखादा पिझ्झा. ज्याची झीज रोज होते आणि ज्याची क्वचित होते, अशा दोन वस्तू एकाच पेटीत आल्या की एकीच्या दुखण्यात दुसरी अडकते. ओव्हनच्या थर्मोस्टॅटसाठी यंत्र कारखान्यात न्यावं लागलं तर घरातला चहासुद्धा बंद. आणि बर्नर गंजून गेले तर जवळजवळ न वापरलेला ओव्हनही त्यांच्याबरोबर भंगारात जातो.

जागेचंही तसंच. आपल्याकडे मिळणाऱ्या रेंज साधारण ६० किंवा ९० सेंटीमीटर रुंदीच्या. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये ६० सेंटीमीटरचीच बसते आणि तिच्यासाठी दोन फूट ओटा तोडावा लागतो. आता गणेश चतुर्थीची सकाळ डोळ्यांसमोर आणावी. एका बर्नरवर मोदकपात्र, दुसऱ्यावर मोठा कुकर, तिसऱ्यावर तळणाची कढई. चार बर्नर असूनही चौथं भांडं ठेवायला जागा उरत नाही, कारण भांड्यांचे काठ एकमेकांना भिडतात. त्यात खाली ओव्हन चालू असेल तर तळणाऱ्या बाईच्या गुडघ्यांशी तापलेलं दार. कुणाला ओव्हनमधला ट्रे काढायचा असेल तर उकळत्या तेलाशेजारून तिला बाजूला व्हावं लागतं. दोन माणसं मिळून स्वयंपाक करतात त्या घरात रेंज ही दोघांना एकाच पावलाच्या जागेत उभं करते.

वाकण्याचा मुद्दा दुकानात कुणी काढत नाही, पण तो सर्वांत मोठा आहे. तापलेला जड ट्रे गुडघ्याच्या उंचीवरून दोन्ही हातांनी उचलायचा, तोही वाफ तोंडावर घेत, हे साठीच्या माणसाने का करावं? वेगळा ओव्हन छातीच्या खाली, कोपराच्या उंचीला बसवता येतो. आत काय चाललंय ते उभ्याउभ्या दिसतं, आणि रांगणाऱ्या मुलाचा हात दारापर्यंत पोचत नाही.

आता आगीचा प्रकार. एलपीजी जळताना पाण्याची वाफ तयार होते. एक किलो गॅसमागे सुमारे दीड किलो. गॅसच्या ओव्हनमधली हवा त्यामुळे दमट असते. पावाला किंवा भाजलेल्या कोंबडीला ती मानवते, पण खारी, नानकटाई, बिस्किटं यांना कोरडी आणि सगळीकडे सारखी उष्णता हवी. ती विजेच्या ओव्हनमध्ये, त्यातही पंखा असलेल्या ओव्हनमध्ये, सहज मिळते. उलट भाकरीला ज्योत हवी. तव्यावरून काढून आचेवर धरलेली ज्वारीची भाकरी जशी टम्म फुगते तशी काचेच्या इंडक्शनवर फुगत नाही. भरताचं वांगंही ज्योतीवरच खरपूस होतं. म्हणून वर गॅस आणि ओव्हन विजेचा ही जोडी आपल्या जेवणाला सर्वांत जवळची. काही रेंजमध्ये ती मिळते, पण दोन्ही वेगळं घेणाऱ्याला ती हवी तशी जुळवता येते.

गोव्याच्या बेबिंकाचं उदाहरण इथे घ्यायलाच हवं. अंड्याचं पिवळं आणि नारळाचं दूध यांचा एक थर ओतायचा, तो वरून भाजायचा, मग त्यावर दुसरा. पूर्वी मडक्यावर झाकण ठेवून त्यावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवत. असे पदार्थ करणाऱ्या घराने ओव्हन घेताना आधी विचारावं, वरची आच, म्हणजे ग्रिल, आहे का आणि ती एकटी चालते का. साध्या गॅस रेंजमध्ये कधी फक्त खालचा बर्नर असतो. तिथे बेबिंका होणार नाही.

सुरक्षेचंही पाहावं. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून गळला तर जमिनीलगत साठतो. शेगडी सिलिंडरच्या पातळीपेक्षा उंच ठेवा असं गॅस कंपन्या सांगतात. रेंजमधला ओव्हनचा बर्नर मात्र जमिनीजवळच पेटतो. १४.२ किलोचा सिलिंडर तिच्याशेजारी ठेवणाऱ्यांनी जागा, नळी आणि खेळती हवा एजन्सीच्या मेकॅनिककडून तपासून घ्यावी. पाइपचा गॅस हलका असतो, वर जातो, पण त्याचा दाब वेगळा. एलपीजीच्या जेटवर तो नीट जळत नाही. जेट बदलून मिळतील का, हे पैसे देण्याआधी विचारावं. रेंजवरचं काचेचं झाकण गरम बर्नरवर मिटलं तर काच तडकू शकते, हेही लक्षात असू द्यावं.

म्हणून रेंज कुणी घेऊच नये असं नाही. ज्या गावात वीज तासन्‌तास जाते तिथे पूर्ण गॅसवर चालणारी रेंज फार मोलाची आहे. घरच्या इन्व्हर्टरवर ओव्हन चालत नाही. गॅसचा ओव्हन काडीने पेटवता येत असेल तर चालतो. आठवड्याला तीन-चारदा पाव किंवा केक करून विकणाऱ्या बाईला मोठ्या पोटाची ९० सेंटीमीटरची रेंज, जागा असेल तर, उत्तम साथ देते.

परदेशातल्या मराठी कुटुंबांना तर अनेकदा निवडच नसते. अमेरिकेत भाड्याच्या घरात ३० इंची रेंज आधीच बसवलेली मिळते. तिच्या ओव्हनमध्ये कढया आणि तवे रचून ठेवण्याची भारतीय घरांची सवय सर्वश्रुत आहे. त्यांनी कळ फिरवण्याआधी आत डोकवावं. आणि रेंजच्या मागे जमिनीला किंवा भिंतीला ती कलंडू नये म्हणून लावायची पट्टी आहे का, तेही पाहावं. उघड्या दारावर मूल चढलं तर पूर्ण रेंज पुढे येते. १९९१ पासून तिथल्या सुरक्षा-मानकांनी ही पट्टी सक्तीची केली आहे.

वेगळं घेण्यातही एक फसगत आहे. हॉबसाठी दगडात कापलेलं भोक प्रत्येक कंपनीचं वेगळ्या मापाचं. दहा वर्षांनी तो बदलायचा झाला तर त्याच मापाचा शोधत फिरावं लागतं. शिवाय हॉबची नळी ट्रॉल्यांच्या मागे दडते आणि वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही. उचलून पुसता येणारी आयएसआय शिक्क्याची शेगडी या दोन्ही बाबतींत सरस आहे. भारतीय मानकानुसार तिची औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते, म्हणजे गॅसही फारसा वाया जात नाही. दिखाऊपणा तिच्यात कमी, एवढंच.

तेव्हा बहुतेक मराठी घरांसाठी कौल स्पष्ट आहे: ओट्यावर चांगली गॅसची शेगडी, आणि विजेचा ओव्हन वेगळा, कोपराच्या उंचीवर. सुरुवात काही हजारांच्या ओटीजीने करावी. वर्षभर तो खरोखर वापरला गेला तरच भिंतीतला मोठा ओव्हन घ्यावा.

एक काम मात्र आजच करण्यासारखं आहे. ज्यांच्या घराचं काम चालू आहे त्यांनी फरशा बसण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवावं. ३,००० वॅटचा ओव्हन २३० व्होल्टवर १३ अँपिअर ओढतो, आणि मिक्सरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटला ते झेपत नाही. ओव्हनच्या जागेजवळ, हात पोचेल अशा ठिकाणी, १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट, त्याची वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी आत्ताच घालून घ्या. ओव्हन पुढच्या दिवाळीला आणला तरी चालेल.