संध्याकाळी सहा वाजता जाऊन बघा

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला विषय दिला होता 'वृद्ध स्त्रियांचे प्रश्न'. तो इतका मोठा आहे की दिलेल्या वेळात त्याची नुसती यादी होईल. म्हणून मी त्यातला एकच तुकडा उचलते. एखाद्या बाईला स्मृतिभ्रंश झालाय, म्हणजे डॉक्टर ज्याला डिमेन्शिया म्हणतात तो आजार. घरी सांभाळणं आता जमत नाही आणि तिला निवासी केंद्रात ठेवायचं ठरतंय. ते केंद्र चांगलं की वाईट, हे ओळखायचं कसं?

याचा संघटनेशी काय संबंध, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. तर सांगते. नव्वदच्या दशकात आमच्या सल्ला केंद्रात ज्या तरुण मुली नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन यायच्या, त्या आता साठीच्या आसपास आहेत. त्यांतल्या काही जणी पुन्हा येऊ लागल्यात. "ताई, आई रात्री तीनला उठून दार उघडते. गॅस चालू ठेवते. मला चोर म्हणते. मी नोकरी सोडू का?" एक जण म्हणाली, "ज्या सासूनं मला छळलं, तिचंच ढुंगण मी धुतेय." हसू नका. ती सहा वर्षं धूत होती.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया आहे. शंभरात सातहून अधिक. पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त, शाळा न मिळालेल्यांत जास्त. म्हणजे आजारी कोण, तर बहुतेक वेळा बाई. आणि सांभाळणारी? जागतिक आरोग्य संघटना म्हणते, डिमेन्शियाच्या माणसांना सांभाळण्यात जे तास जातात त्यातले 70 टक्के स्त्रियांचे असतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' सिनेमामुळे आपल्याकडे या आजाराची बरीच चर्चा झाली. त्यातही हरवलेल्या त्या संस्कृत पंडिताला पोटच्या पोरासारखं सांभाळते ती माहुताची बायकोच! तेव्हा हा प्रश्न आपला नाही तर कुणाचा?

गेल्या तीन वर्षांत आम्ही दोघी-तिघी अशा बायकांबरोबर दहा-बारा केंद्रं बघून आलो. बहुतेक ठिकाणी भाड्याचा बंगला किंवा दोन फ्लॅट एकत्र केलेले. घरचे लोक केंद्र बघायला जातात ते मनात अपराधीपणा घेऊन. 'आईला टाकलं' हे शब्द नातेवाईक बोलणारच असतात, आणि ते मुलीला नाहीतर सुनेला उद्देशून असतात, मुलाला नाही. मग ज्या गोष्टींनी ते ओझं हलकं होईल त्याच गोष्टी डोळ्यांना दिसतात. गुळगुळीत फरशी, तुळशीवृंदावन, भजनाचा हॉल, भिंतीवर वाढदिवसाचे फोटो. मालक सकाळी अकराची वेळ देतात. तोवर अंघोळी झालेल्या असतात, पावडर लावलेली असते, सगळ्याजणी ओळीनं खुर्च्यांवर बसलेल्या असतात. अकरा वाजता सगळीच केंद्रं चांगली असतात.

तुम्ही संध्याकाळी सहाला जा. या आजारात दिवस मावळायला लागला की जीव अस्वस्थ होतो. "मला घरी जाऊ द्या, मुलं शाळेतून येतील." "कुकर लावायचाय." दाराशी येणं सुरू होतं, रडणं सुरू होतं. नेमकी त्याच सुमाराला दिवसपाळीच्या मावशी थकलेल्या असतात आणि रात्रपाळीच्या यायच्या असतात. त्या तासात काय होतं, ते बघायचं. कुणी तिचा हात धरून दारापर्यंत चालत जातं का? की "गप बसा" म्हणून पुन्हा खुर्चीत ढकलतं? सहाला येऊ देत नाहीत, 'रेसिडेंट डिस्टर्ब होतात' म्हणतात, तर तेही तुमच्या वहीत लिहून ठेवा.

वही म्हटलं, कारण ती आम्ही खरंच घेऊन जातो. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला टॉम किटवूड नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केंद्र तपासण्याची एक रीत बसवली. निरीक्षकानं कोपऱ्यात बसायचं आणि दर पाच मिनिटांनी लिहायचं, की ही व्यक्ती आत्ता काय करतेय, खूश आहे की दुःखी, तिच्याशी कुणी कसं वागलं. असे तासन् तास. 1997 च्या आपल्या पुस्तकात किटवूडनी मांडलंय की माणसाची अवस्था बिघडते ती फक्त मेंदू झिजल्यामुळे नव्हे. त्याला लहान मूल समजणं, त्याच्यादेखत त्याच्याविषयी तो तिथे नसल्यासारखं बोलणं, त्याला झेपणार नाही इतक्या घाईनं सगळं करणं, यांनीही ती बिघडते. आता हे वाचल्यावर तुम्हाला काही आठवतं का? बायकांना असं वागवणं आपण घराघरांत पाहिलंय. त्याला आपण वेगळं नाव दिलं होतं, इतकंच.

त्या रीतीचं रीतसर प्रशिक्षण असतं, ते आमच्याकडे नाही. आम्ही आपली घरगुती आवृत्ती केली. एक तास बसायचं, एकाच आजींवर लक्ष ठेवायचं, आणि त्यांच्याशी कोण किती वेळा काय बोललं ते लिहायचं. एका चकचकीत केंद्रात (महिना 35 हजार) त्या तासाची माझी नोंद पूर्ण वाचून दाखवते. "तोंड उघडा." "पाय वर घ्या." "बसा म्हटलं ना." संपली नोंद. समोर टीव्ही चालू होता, आवाज बंद करून.

दुसरं केंद्र जुन्या इमारतीतलं. फरशी दोन ठिकाणी फुटलेली, भिंतीला ओल. मुलगी माझ्या कानात म्हणाली, "इथे नको." तिला म्हटलं, तासभर बस. तिथल्या एका आजींची गिरणगावात खानावळ होती. अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू झालं त्या काळातली गोष्ट. संध्याकाळ झाली की त्या डब्यांची घाई करत, रात्रपाळीचे कामगार उपाशी जातील म्हणून कासावीस होत. तिथली मावशी धाराशिवकडची, वय पंचवीस. तिनं आयुष्यात गिरणी पाहिलेली नाही. पण आजींच्या लेकीनं एका कागदावर त्यांची हकीकत लिहून दिली होती आणि ती पलंगाशी चिकटवलेली होती. मावशी म्हणाली, "आज गिरणीला सुट्टी हाय, बाई." आजी थांबल्या. मग संशयानं विचारलं, "सुट्टी ना? संप नाही ना?" "न्हाई न्हाई, सुट्टीच." मग दोघी शेंगा सोलत बसल्या.

खोटं बोलावं का, यावर आमच्यात पुष्कळ वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. काहींचं म्हणणं, बाईची फसवणूक ती फसवणूकच. मला विचाराल तर ती मावशी त्या आजींना ओळखत होती, आणि 35 हजारवाल्या केंद्रात कुणी कुणाला ओळखत नव्हतं. शेंगांवरूनही वाद झाला. पुरुषांच्या हाती पेपर आणि बायकांपुढे भाजी, हे इथेही का? तपासण्यासारखी गोष्ट आहे खरी. नको म्हणणाऱ्या आजीला बाजूला बसायची मुभा आहे का, एवढं मी बघते.

आता शरीराविषयी. दोन केंद्रांत सगळ्या आज्यांचे केस एकसारखे, कानाच्या वर कापलेले होते. "उवा होतात." अंगावर एकाच कापडाचे गाऊन. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 20 मध्ये स्पष्ट लिहिलंय की सक्तीनं मुंडन करता येणार नाही, स्वतःचे कपडे घालायचा हक्क राहील, संस्थेचा गणवेश लादता येणार नाही. केस बारीक कापणं म्हणजे मुंडन नव्हे, असं मालक म्हणतील. केशवपनाचा इतिहास तुम्हा-आम्हाला कुणी शिकवायला नको. आणखी एक गंमत सांगते. मंगळसूत्र या विषयावर मी आयुष्यभर भाषणं केली. पण तिथे एक आजी दिवसभर रिकाम्या गळ्यावर हात फिरवत होत्या, 'सुरक्षेसाठी' काढून लेकाकडे दिलं होतं. मीच व्यवस्थापकांशी भांडले की काळ्या मण्यांची साधी पोत तरी घाला. घालायचं की काढायचं हे तिचं तिला ठरवू द्या, एवढंच तर आपण म्हणत होतो.

आजींचा चष्मा त्यांचाच आहे का, कवळी तोंडात आहे की कपाटात, दर महिन्याचं वजन कुठे लिहिलेलं आहे का, हे विचारा. अंघोळ कोण घालतं, बाई की पुरुष, आणि त्याबद्दल तिला विचारलं होतं का. खोलीत कॅमेरा असेल तर कपडे बदलतानाचं चित्रण कुणाच्या मोबाइलवर दिसतं. हा प्रश्न विचारला की बहुतेक मालक गडबडतात.

बांधून ठेवणं हा प्रकार आम्ही तीन ठिकाणी पाहिला. ओढणीनं खुर्चीला, पट्टीनं पलंगाच्या दांडीला. "पडतील म्हणून." त्याच कायद्याचं कलम 97 म्हणतं की तातडीचा धोका टाळायला दुसरा काहीच उपाय नसेल तरच, आणि उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं, नोंद करूनच बांधता येतं. शिक्षा म्हणून नाही, आणि माणसं कमी आहेत एवढ्याच कारणानं तर नाहीच. हे शेवटचं वाक्य पाठ करून ठेवा. बांधण्याचं न दिसणारं रूप म्हणजे गोळी. भ्रम-भासासाठीची काही औषधं डिमेन्शियाच्या वृद्धांना दिली तर मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2005 मध्ये नव्या औषधांबद्दल आणि 2008 मध्ये जुन्यांबद्दलही दिलेला आहे. कधीच देऊ नयेत असं नाही. पण संध्याकाळी सातला सगळा हॉल गाढ झोपलेला दिसला, तर औषधांचा चार्ट मागा. कुणी लिहून दिलं, कशासाठी, परत कधी तपासलं?

आणि हे सगळं ज्या हातांनी होतं त्यांच्याकडे आता येते, कारण माझ्या मते केंद्राची प्रत तिथेच ठरते. एका केंद्रात चौदा जण राहत होते. त्यातल्या पाच जणी अंथरुणाला खिळलेल्या. रात्री आठ ते सकाळी आठ, एक मावशी. अंथरुणावरच्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवायला हवं, नाहीतर पाठीला जखमा होतात. पाच जणींना सहा वेळा, म्हणजे तीस वेळा वळवणं. एकटीला एका माणसाला धड वळवताही येत नाही. शिवाय उरलेल्या नऊ जणांचं उठणं, लघवीला जाणं, भिणं. मग ती काय करते? आठ वाजता सगळ्यांना डायपर लावते, ते सकाळी सहाला बदलते, आणि जी उठते तिला बांधते. घरचे लोक जखम बघून मावशीवर ओरडतात. मालक तिला काढून टाकतात आणि ब्युरोतून दुसरी आणतात. पाळीचा तक्ता तोच राहतो.

त्या मावशीला महिन्याला बारा हजार मिळत होते. बारा तासांची पाळी, दोन सुट्ट्या, झोपायला जिन्याखालची जागा. पहिल्या पगारातून ब्युरोनं कमिशन कापलेलं. म्हणून मालकाला 'स्टाफ किती?' असं विचारू नका, तो तिघींना पाच करून सांगेल. मावशींशी बोला, मालक समोर नसताना. काल रात्री किती जणी होता? किती दिवस झाले इथे? या आजींचं गाव कोणतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं तर अर्धी पाहणी झाली असं समजा. 2013 चा लैंगिक छळविरोधी कायदाही इथे लागू आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवी, त्याहून कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. या कायद्यात तक्रारदार बाई त्या जागी नोकरीला असायलाच हवी असं नाही. म्हणजे मावशीप्रमाणे आजींसाठीही तो वापरता येतो.

नोंदणी विचारली की उत्तर येतं, "आमचा वृद्धाश्रम आहे, हॉस्पिटल नाही." पण 2017 च्या कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि भान यांतला गंभीर बिघाडही येतो. अशा माणसांना ठेवून सांभाळणारी संस्था नोंदणीतून सुटत नाही. पाटी काय लावलीय याला महत्त्व नाही.

हे सगळं ज्यांच्याकडे महिना तीस-पस्तीस हजार आहेत त्यांच्यासाठी झालं. बाकीच्यांचं काय? 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 19 मध्ये निराधार वृद्धांसाठी जिल्ह्यात किमान एक, दीडशे जणांचा आश्रम, असं आहे. पण शब्द आहे 'शकेल'. सरकार उभारू शकेल! आणि त्यातही डिमेन्शियाच्या माणसासाठी वेगळं काही नाही. धुणीभांडी करून जगलेल्या बाईला हा आजार झाला की तिच्यासाठी चौकशी करायलाही केंद्र नसतं. तिची मुलगी काम सोडते, नाहीतर बाहेरून कडी लावून कामाला जाते. आमच्याकडे आलेल्यांत कडी लावणाऱ्या चार जणी आहेत. 'शकेल'चं 'करील' कसं करायचं, त्यासाठी निवेदनाचा मसुदा दुपारच्या गटचर्चेत ठेवलाय. तो फक्त आश्रमापुरता नाही. वस्तीतलं दिवसाचं पाळणाघर लहान मुलांसाठी आपण मागितलं होतं, तसं म्हाताऱ्या माणसांसाठी मागतोय.

केंद्रं बघायला ज्यांना आमच्याबरोबर यायचंय त्यांनी जेवणाच्या सुट्टीत नाव द्या. एका वेळी दोघीच. जास्त जणी शिरल्या की आज्या घाबरतात, आणि मग आपण जे बघायला गेलो ते दिसत नाही. वही आणा. आणि संध्याकाळची घरची पोळी-भाजी कोण करणार, ते आधी घरात ठरवून या, सहा ते आठ तिथून हलता येत नाही.