रोसिनीच्या घरची शनिवारची पंगत

पश्चिमेकडील संगीतकारांच्या चरित्रांत दारिद्र्य, उपेक्षा आणि अकाली मृत्यू यांच्या कथा इतक्या वारंवार येतात की, ज्याच्या घरी दर आठवड्याला इष्टमित्रांची पंगत बसत असे, असा एखादा संगीतकार भेटला म्हणजे त्याच्याविषयी थोडा संशयच येतो. जोआकिनो रोसिनी याच्या वाट्याला हा संशय पुरेपूर आला. वयाच्या ३७ व्या वर्षापर्यंत त्याने ३९ संगीतनाटके रचली. १८१६ साली रोममध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘सेव्हिलच्या न्हाव्या’ने त्याचे नाव युरोपभर केले. १८२९ साली पॅरिसला ‘विल्यम टेल’ झाले आणि त्यानंतर ३९ वर्षे जगूनही त्याने एकही नवे नाटक लिहिले नाही. ज्यांनी पाश्चात्य वाद्यवृंद थोडाफार ऐकला आहे, त्यांच्या कानांवर ‘टेल’च्या प्रवेशसंगीतातील शेवटची घोडदौड पडलेली असेलच. हे लिहिणारा मनुष्य एकाएकी थांबला कसा? लोकांनी सोपे उत्तर काढले: पैसा मिळाला, आळस अंगात मुरला आणि हा गृहस्थ पाकशाळेत जाऊन बसला.

हे उत्तर चविष्ट आहे, पण खरे नव्हे. रोसिनीला खाण्याची आवड होती यात शंका नाही. परंतु १८२७ साली त्याची आई वारली होती. १८३० च्या क्रांतीने पॅरिसमधील त्याचा करार मोडीत निघाला, आणि श्रोत्यांची अभिरुचीही पालटत होती. या सर्वांवर ताण करणारा एक जुनाट आजार त्याला जडला. मध्यंतरी १८४२ साली त्याचे ‘स्ताबात माटेर’ हे भक्तिसंगीत पूर्ण स्वरूपात लोकांपुढे आले, हा त्यातला एक मोठा अपवाद. पुढे फ्लॉरेन्समध्ये राहत असताना त्याची झोप उडाली, अन्नाची रुची गेली, भेटीस येणाऱ्यांपाशी तो मरणाच्या गोष्टी बोलू लागला. ज्याला जग खादाड म्हणून हसत होते त्याच्या तोंडाची चवच नाहीशी झाली होती! तरीही १८५३ च्या डिसेंबरात, नाताळ उलटून तीन दिवस झाले असता, त्याने मोडेनाच्या एका नामांकित मांसविक्रेत्याला पत्र घातले, ते डुकराच्या पायाच्या कातड्यात मसालेदार खिमा भरलेल्या, त्या गावच्या सणासुदीच्या पदार्थाविषयी. लोक त्याला पेझारोचा हंस म्हणत. त्याच थाटात त्याने विक्रेत्याला गरुडाची पदवी बहाल केली. विनोद करण्याची शक्ती त्याने या काळातही पुरती गमावली नव्हती, असे या पत्रावरून दिसते.

या अंधारातून त्याला बाहेर काढले ते त्याच्या दुसऱ्या पत्नीने. ऑलिंप पेलिसिए ही फ्रेंच होती. पॅरिसचे वैद्य पाहू, असा तिने आग्रह धरला. रोसिनीला आगगाडीची विलक्षण भीती वाटत असे. बेल्जममध्ये १८३६ साली एकदाच तो गाडीत बसला आणि त्या अनुभवाने आजारी पडला. त्यामुळे १८५५ साली एप्रिलच्या अखेरीस निघालेले हे जोडपे घोडागाडीने मजल दरमजल करीत मेच्या अखेरीस पॅरिसला पोहोचले. उपचार लागू पडले. दोन वर्षांनी, १५ एप्रिल १८५७ रोजी, ऑलिंपच्या नामदिनी, म्हणजे तिच्या नावाच्या संताच्या सणादिवशी, त्याने तिच्या हाती सहा गीतांचा एक छोटा संग्रह ठेवला. दीर्घ आणि भयंकर दुखण्यात तिने प्रेमाने व शहाणपणाने केलेल्या शुश्रूषेबद्दल कृतज्ञता, एवढेच त्याच्या अर्पणपत्रिकेचे तात्पर्य. सहाही गीतांचे शब्द एकच आहेत, आणि ते मुकाट्याने दुःख सोसण्याविषयीचे आहेत. एकाच शब्दांना सहा निरनिराळ्या चाली! ज्याने इतकी वर्षे मुकाट्याने काढली त्याला ते शब्द का आवडले असतील, हे निराळे सांगावयास नको.

येथून पंगतीला आरंभ होतो. नाताळ एका आठवड्यावर आला असता, १८ डिसेंबर १८५८ रोजी, शोसे द आंतां रस्त्यावरील त्याच्या घरी पहिली शनिवारची बैठक भरली. जेवणाला निवडक मंडळी, आणि जेवणानंतर गाण्याबजावण्याला मात्र दिवाणखान्यात पाय ठेवण्यास जागा उरू नये इतकी गर्दी. कार्यक्रमाच्या छापील पत्रिका असत. लिस्ट येई, मेयरबेअर येई. चित्रकार गुस्ताव्ह दोरे येई आणि स्वतः गाणेही म्हणे. लुई दिएमे या तरुण वादकाकडे पियानोची बाजू असे. यजमान स्वतः पुष्कळदा शेजारच्या भोजनगृहातच दोनचार जिवलगांसह बसून राही. स्वतःला तो ‘चौथ्या वर्गाचा पियानोवादक’ म्हणवीत असे. खरे पाहता आपल्याकडील खाजगी बैठकीत आणि या शनिवारांत फारसे अंतर नव्हते. तिकीट नाही, टाळ्यांचा हिशेब नाही, आणि ऐकणाऱ्यांत निम्मे तरी स्वतः गाणारे.

भोजनाच्या कथा पॅरिसभर पसरल्या होत्या. नेपल्सहून आलेल्या मॅकरोनीच्या पोकळ नळ्यांत रोसिनी चांदीच्या पिचकारीने बदकाच्या काळजाचे मऊ सारण स्वतः भरीत असे, असे सांगतात. दुसरी कथा ऑलिंपविषयीची आहे. ती हिशेबी होती. मेजावर मध्यभागी फळांची देखणी रास रचलेली असे, परंतु फळे वाटण्याची वेळ आली की यजमानीणबाईंना नेमकी भोवळ येई आणि पाहुणे उठत. अखेर एकाने नोकराच्या हातावर पैसे ठेवून खोदून विचारले, तेव्हा ती फळे भाड्याने आणलेली असतात असे कळले म्हणे! कथा खरी असो वा खोटी, पंगत किती लोकप्रिय झाली होती एवढे तीवरून समजते. निंदा सुद्धा भरल्या घराचीच होते.

आणि या पंगतीसाठी तो पुन्हा लिहू लागला. एक नव्हे, सुमारे दीडशे लहानमोठ्या रचना त्याने या वर्षांत केल्या आणि त्यांना नाव दिले ‘म्हातारपणीची पापे’. चौथ्या भागात तर जेवणाचे ताटच मांडलेले आहे. आरंभीची तोंडीलावणी चार: मुळे, खारवलेले बारीक मासे, लोणच्याची काकडी आणि लोणी. शेवटची चार म्हणजे सुके अंजीर, बदाम, मनुका आणि हेझलनट. या चौकडीला फ्रेंच लोक ‘चार भिक्षेकरी’ म्हणतात, कारण त्यांचे रंग भिक्षेवर निर्वाह करणाऱ्या चार ख्रिस्ती संन्यासी पंथांच्या झग्यांसारखे मानले जातात. दक्षिण फ्रान्समध्ये नाताळच्या आदल्या रात्री ही चौकडी मेजावर हवीच. रोसिनीच्या बदामात मध्यरात्रीचे ठोके पडतात, मनुका पाळलेल्या पोपटिणीला दिलेल्या आहेत आणि हेझलनट ऑलिंपच्या कुत्रीला. आगगाडीचाही त्याने सूड उगवला. एका पियानोरचनेत गाडी रुळावरून घसरते, एक प्रवासी स्वर्गात जातो, एक नरकात, आणि शेवटी वारसांचे तथाकथित दुःख ऐकू येते. या सगळ्या वह्या वाजवून झाल्या की परत घेतल्या जात आणि कपाटात कुलपाआड जात. प्रकाशकांना त्याने त्या दिल्या नाहीत. ज्याने आयुष्यभर बाजारासाठी लिहिले होते, त्याला आता बाजार नको होता.

परंतु यजमानपणाची खरी परीक्षा ताटात होत नाही, पाहुण्याचा मान कसा राखला जातो यात होते. पंचविशीच्या आतबाहेरचा सां-साँस त्या घरी येत असे. त्याने बासरी आणि क्लॅरिनेट यांसाठी एक तारान्तेला रचला होता. रोसिनीने तो आपल्या शनिवारी वाजविण्याची व्यवस्था केली, मात्र रचनाकाराचे नाव कोणास कळू दिले नाही. श्रोत्यांना वाटले, ही यजमानाचीच कृती. ‘पुन्हा, पुन्हा’ असा घोष झाला. रोसिनीने त्या तरुणाचा हात धरून त्याला भोजनगृहात नेले आणि शेजारी बसविले. स्तुतिपाठकांची रीघ लागली. त्याने सर्वांना पोटभर बोलू दिले आणि मग शांतपणे म्हटले की, आपले म्हणणे अगदी मान्य, मात्र ही रचना माझी नाही, या गृहस्थांची आहे. ज्यांनी नुकतीच तोंड भरून स्तुती केली होती त्यांना आता माघार घेणे शक्य नव्हते. हा प्रसंग सां-साँसने स्वतःच पुढे लिहून ठेवला. त्याचा म्हणणे असे की, या एका वाक्यात दयाळूपणा आणि धूर्तपणा सारखेच भरले होते. तरुण कलावंतासाठी याहून मोठी पंगत कोणी मांडली असेल असे वाटत नाही.

१८६३ साली पासी येथील उन्हाळी बंगल्यात त्याने ‘लहानसा गंभीर मिस्सा’ रचला. तो ना लहान आहे ना फारसा गंभीर, असे थट्टेने म्हणतात. दोन पियानो, एक हार्मोनियम आणि बारा गायक, एवढाच सरंजाम. प्रारंभीच्या टिपणात त्याने देवाशी सलगीने बोलून लिओनार्दोच्या ‘शेवटच्या भोजना’तील बारा प्रेषितांची आठवण काढली आहे. त्या मेजावर बेसूर गाणारेही होते, परंतु आपल्या पंगतीत यहूदा असणार नाही आणि आपली माणसे नीट व मनापासून गातील, अशी त्याने ग्वाही दिली. मिस्सा १४ मार्च १८६४ रोजी एका उमराव मित्राच्या घरी झाला. मेयरबेअर तेथे थरथरत उभा राहून ऐकत होता. दीड महिन्याने, २ मे रोजी, तो वारला. बातमी कळताच रोसिनीला मूर्च्छा आली. शुद्धीवर आल्यावर त्याने मित्रासाठी पुरुषस्वरांचे एक छोटे शोकगीत लिहिले.

रोसिनीचा जन्म २९ फेब्रुवारी १७९२ चा. १८६८ साली ती तारीख शनिवारीच आली. शहात्तर वर्षांच्या त्या माणसाचा तो खरा अठरावा वाढदिवस. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला पासीच्या बंगल्यात शेवटची शनिवारची बैठक भरली. पुढे शस्त्रक्रिया झाली, आणि १३ नोव्हेंबर, शुक्रवार, हा त्याच्या अंधश्रद्धाळू देशबांधवांना न आवडणारा दिवस त्याने निघून जाण्यास निवडला. दोरे आला, पण या वेळी गाण्यासाठी नव्हे. त्याने मृत मित्राचे रेखाचित्र काढले. कपाटातील वह्या ऑलिंपकडे राहिल्या. १८७८ साली तीही गेली, आणि दोघांनी मागे ठेवलेल्या संपत्तीतून पॅरिसमध्ये वृद्ध फ्रेंच व इटालियन गायकांसाठी निवासगृह उभे राहिले.