आपल्याच बुटांचे ठसे

टेहळणीचा एक साधा नियम आहे. ज्या वाटेवर नजर ठेवायची, त्या वाटेवरून आपण चालायचं नाही. नाहीतर सकाळी आपल्याच बुटांचे ठसे मोजत बसाल. हा धडा निवृत्तीनंतर मला एका संगणकाने पुन्हा शिकवला.

सिकंदराबादला एका धर्मादाय दवाखान्याचा सर्व्हर मी हौसेने सांभाळतो. काही दिवस रोज सकाळी दहाला रुग्णांची नोंद उघडायलाच दोन-तीन मिनिटं लागत होती. रांग दारापर्यंत जायची. बोलणी मात्र ऑपरेटर मुलाला बसायची. मीही एकदा त्याला रागावलो. विश्वस्त नवी डिस्क घ्यायला निघाले होते.

लिनक्समध्ये ‘ब्लकट्रेस’ नावाचं साधन आहे. येन्स आक्सबो यांचं हे काम २००६ साली कर्नलमध्ये आलं. डिस्ककडे जाणारी प्रत्येक विनंती ते टिपतं: रांगेत कधी आली, डिस्ककडे कधी सुटली, पुरी कधी झाली. मी ते चालवलं, पण नोंदी त्याच डिस्कवर लिहिल्या. मग त्या लिहिण्याच्याही नोंदी होऊ लागल्या. झाले ना बुटांचे ठसे!

उपाय त्याच साधनात आहे. दुसऱ्या संगणकावर ते ‘ऐकण्याच्या’ अवस्थेत सुरू करायचं आणि सर्व्हरवर चालवताना त्या संगणकाचा पत्ता द्यायचा. नोंदी नेटवर्कवरून तिकडे जातात, डिस्कला हात लागत नाही. वेळेचा शिक्का सर्व्हरच्या कर्नलमध्येच बसतो, त्यामुळे नेटवर्क हळू असलं तरी मोजमाप बिघडत नाही. मात्र या नोंदी कूटबद्ध नसतात, म्हणून हे भरवशाच्या नेटवर्कवरच करा. आणि डिस्कच नेटवर्कवरून जोडलेली असेल, तर नोंदींना वेगळी वाट द्या.

दुसऱ्या दिवशी चित्र स्वच्छ दिसलं. डिस्क आपलं काम वेळेत करत होती, विनंत्या त्याआधीच रांगेत तुंबत होत्या. गर्दी करणाऱ्याचं नावही नोंदीत होतं: बॅकअप. तो पहाटे साडेचारचा लावलेला. पण सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्याचे साडेचार म्हणजे आपले सकाळचे दहा!

आणि ती वेळ लावली होती मीच.

डिस्कची खरेदी थांबली. त्या मुलाची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. माग काढताना आपले ठसे बाजूला ठेवा, म्हणजे खरे ठसे दिसतात. कधी कधी तेही आपलेच निघतात. जय हिंद.