प्रमाणपत्राआधीचे काम

(माघ पौर्णिमेच्या यात्रेनिमित्त कचारगड येथे भरलेल्या आरोग्य शिबिराच्या समारोपप्रसंगी संस्थेच्या वतीने केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



सालेकसा तालुक्यातील या डोंगरावर यात्रेच्या दिवसांत महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा येथूनही गोंड बांधव येतात. गुहेत कोंडलेल्या मुलांची पारी कुपार लिंगोंनी येथूनच मुक्तता केली, अशी त्यांची श्रद्धा आहे. दरेकसा स्थानकावर उतरून धनेगावच्या वाटेने चालत येणाऱ्या यात्रेकरूंसाठी शिबिराचा मांडव घालताना दरवर्षी आमच्याबरोबर परिसरातील महाविद्यालयीन मुले-मुली असतात. त्यांतील काही जण मानसशास्त्र शिकतात आणि पुढे आमच्या मानसोपचार विभागातील इंटर्नशिपसाठी अर्ज करतात. जागा मोजक्या असल्यामुळे कोणाला घ्यावे, हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. त्याविषयी आमची भूमिका आपणांसमोर मांडणे आम्हांस आवश्यक वाटते, कारण या जागा आपल्या देणगीतून चालतात आणि तेथे बसणाऱ्या मुलासमोर आपलाच आप्त बसणार असतो.

परीक्षेतील गुण पाहावेत, हे उघड आहे. परंतु आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणारा माणूस ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाही. डोके जड आहे, छातीत धडधडते, झोप नाही, कोणी काहीतरी केले आहे, असे तो सांगतो. पुष्कळदा तो आधी गावच्या भुमकाकडे जाऊन आलेला असतो आणि ते सांगावे की नाही, या संकोचात असतो. सोबत आलेला नातेवाईक त्याच्या वतीने बोलत राहतो. ज्या विद्यार्थिनीने दोन वर्षे शिबिरात केसपेपर लिहिले आहेत, तिला येथे काय करावे हे ठाऊक असते. ती आधी रुग्णाला बसवते, नाव दुसऱ्यांदा विचारते आणि नातेवाइकाला क्षणभर बाहेर थांबण्याची नम्र विनंती करते. ती गोंडी बोलणारी असेल, तर अर्धे अंतर तेथेच मिटते. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे तीस लाख लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा नोंदवली. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत मात्र या भाषेला जागा नाही.

या भागात सिकलसेलचे रुग्ण अनेक आहेत. अंगदुखीच्या कळा वारंवार येणाऱ्या तरुणाला घरचे लोक कामचुकार समजू लागतात आणि तोही हळूहळू तसेच मानू लागतो. सिकलसेल तपासणीच्या मोहिमेत घरोघर फिरलेल्या मुलाने हे डोळ्यांनी पाहिलेले असते.

असा पूर्वानुभव किती मोलाचा असतो, याचे उत्तम उदाहरण गोव्यात सापडते. ‘संगत’ या संस्थेच्या पुढाकाराने तेथे ‘मानस’ हा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक पदवीधर स्त्रियांना सुमारे दोन महिन्यांचे प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून नेमले गेले आणि सरकारी केंद्रांतील नैराश्य व चिंतेच्या रुग्णांना त्याचा स्पष्ट लाभ झाला. खासगी दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाही. येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. त्या स्त्रियांच्या कामावर तज्ज्ञांची सतत देखरेख होती. नुसता जिव्हाळा पुरला असता, तर प्रशिक्षणाची गरजच पडली नसती.

म्हणूनच अर्जात ‘समुपदेशन केले’ असे लिहिलेले वाचले की आम्ही थोडे सावध होतो. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना कोणाचे, कोणाच्या देखरेखीखाली, असे विचारल्यावर बहुधा शांतता पसरते. याउलट ‘यात्रेच्या शिबिरात नोंदणी सांभाळली, औषध कसे घ्यायचे ते गोंडीत समजावले, जीव नकोसा झाल्याचे बोलणाऱ्या एका बाईंना तत्काळ डॉक्टरांकडे नेले’, असे साधे लिहिणारा उमेदवार आम्हांस अधिक भरवशाचा वाटतो. आपण काय केले याबरोबर आपण काय केले नाही, दुसऱ्यावर काय सोपवले, हे त्याला सांगता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. मुलाखतीत रुग्णाचे नाव-गाव सांगून अनुभव रंगवणाऱ्याला तो हक्क अजून उमगलेला नसतो.

घरी आजारी माणसाची सेवा केलेली मुलेही अर्ज करतात. त्या अनुभवाचा आम्ही आदर करतो, तथापि त्याबद्दल मुलाखतीत खोदून विचारत नाही. कोणाही मुलाला जागा मिळवण्यासाठी आपल्या आईचे दुखणे मांडावे लागू नये.

आता आपणांकडे अपेक्षेने पाहावे असा मुद्दा. अनुभव हवा म्हटले की तो विनावेतन मिळवण्याची ऐपत असलेल्यांचेच फावते. शहरातील विद्यार्थी सुटीत एखाद्या संस्थेत फुकट काम करून छापील प्रमाणपत्र घेऊन येतो. देवरी किंवा सालेकसा भागातील मुलगी त्याच सुटीत तेंदूपत्ता गोळा करायला जाते, धानाच्या रोवणीला जाते किंवा अंगणवाडीत मदत करते. त्या कामाचा कागद तिला कोणी देत नाही. अंगणवाडीतील काम आम्ही अनुभव म्हणून निश्चितच मोजतो. रोवणीचे काम मानसशास्त्राचा अनुभव आहे असे म्हणणे खोटेपणाचे होईल. परंतु त्यामुळे राहून गेलेला अनुभव मिळवण्याची सोय करणे आपल्या हाती आहे.

यास्तव तीन गोष्टी आम्ही ठरविल्या आहेत. शिबिरात काम करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला, त्याने नेमके कोणते काम, किती दिवस आणि कोणाच्या देखरेखीखाली केले, हे लिहिलेले पत्र रुग्णालयातर्फे मिळेल. अर्जात प्रमाणपत्रांच्या रकान्याआधी ‘माणसांसोबत केलेले काम’ असा रकाना राहील आणि तो मराठी, हिंदी किंवा इंग्रजीत भरता येईल. इंटर्नशिपला विद्यावेतन आणि वसतिगृहाची सोय असावी, यासाठी स्वतंत्र निधीचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. ज्या देणगीदारांना आपली देणगी विशेषत्वाने याच कामी लागावी असे वाटत असेल, त्यांनी पावती घेताना तशी नोंद अवश्य करावी. पुढील माघ पौर्णिमेच्या शिबिरासाठी विद्यार्थ्यांची नावे दिवाळीनंतर रुग्णालयाच्या कार्यालयात स्वीकारली जातील.