संगणक-क्षेत्रांतील उमेदवार आणि त्याचें परिचयपत्रक
(नभोवाणी-भाषण)



अर्ज लिहिण्याची विद्या नागपूरला नवी नाहीं. हें शहर १९५६ पर्यंत राजधानीचें शहर होतें. प्रथम मध्यप्रांत-वऱ्हाडाचें, नंतर जुन्या मध्यप्रदेशाचें. सरकारी कचेरींत जागा मिळावी म्हणून येथील किती तरी शिकलेल्या तरुणांनीं दिव्याच्या उजेडांत अर्जांच्या नकला केल्या असतील. त्या अर्जांचा सांचा ठरलेला असे. आरंभीं लवून नमस्कार, मध्यें वय, वडिलांचें नांव, परीक्षा आणि कोणा मोठ्या माणसाची शिफारस, आणि शेवटीं ‘आपला आज्ञाधारक सेवक’.

आज नोकरीचीं दारें बदललीं आहेत. विमानतळालगतच्या मिहान वसाहतींत टी.सी.एस., एच.सी.एल. आणि इन्फोसिस यांचीं कार्यालयें आहेत, परसोडीच्या आय.टी. पार्कांत पर्सिस्टंटचें कार्यालय आहे. १९६० सालीं स्थापन झालेल्या आणि आतां व्ही.एन.आय.टी. म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेपासून २०१६ सालीं निघालेल्या ट्रिपल आय.टी.पर्यंत अनेक विद्यालयांतून संगणकशास्त्राचे पदवीधर दरवर्षीं बाहेर पडत असतात. दारें बदललीं, उमेदवार बदलले. जुन्या सांच्याची छाया मात्र अजून हटलेली नाहीं. आमच्या मुलांचीं परिचयपत्रकें पाहिलीं म्हणजे ती स्पष्ट दिसते. या पत्रकाची परीक्षा कशी करावी आणि तें सुधारावें कसें, एवढेंच आज सांगावयाचें आहे; आणि तें केवळ उमेदवारांना नव्हे, तर त्यांच्या घरच्या वडीलमंडळींनाहि सांगावयाचें आहे.

ज्याला रेझ्युमे म्हणतात त्याला आपल्या घरांतून ‘बायोडाटा’ म्हणण्याची रूढि आहे, आणि पुष्कळसा घोटाळा या शब्दापासूनच सुरू होतो. हाच शब्द आपण लग्नाच्या टिपणालाहि वापरतों. मग नोकरीच्या कागदावरहि छायाचित्र येतें, वडिलांचें नांव येतें, जन्मतारीख, वैवाहिक स्थिति, मातृभाषा, छंद म्हणून क्रिकेट आणि संगीत, हें सारें ओळीनें येऊन बसतें. शेवटीं ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणें खरी आहे’ अशी प्रतिज्ञा, स्थळ नागपूर आणि खालीं सही. स्थळ पाहणाराला कूळ पाहिजे असतें, कंपनीला काम पाहिजे असतें. लग्नाचें टिपण माणूस कोण आहे तें सांगतें. नोकरीच्या पत्रकानें माणसानें काय केलें आहे आणि त्यावरून तो काय करूं शकेल, तें सांगावयाचें असतें. हा भेद एकदां मनांत ठसला म्हणजे पत्रकांतील निम्मा मजकूर आपोआप गळून पडतो, आणि पुढील कामाला जागा मोकळी होते.

त्यानंतर येतें तें ‘ध्येय’. ‘नामांकित संस्थेंत आव्हानात्मक काम करून स्वतःचा व संस्थेचा उत्कर्ष साधणें’, हें वाक्य जणूं वंशपरंपरेनें एका वर्गाकडून पुढील वर्गाकडे चालत आलेलें आहे. हेंच वाक्य पतपेढीला, कापडगिरणीला किंवा औषधांच्या दुकानाला पाठविलें तरी चालेल. जें वाक्य कोठेंहि चालतें तें कोठेंहि उपयोगी पडत नाहीं. त्यापेक्षां दोन ओळींत आपलें शिक्षण, आपण विशेषेंकरून जें काम शिकलों तें, आणि ज्या जागेसाठीं अर्ज आहे त्या जागेचें नांव, एवढें सांगणें अधिक बरें.

आतां हा कागद वाचतो कोण, तें पाहूं. मोठ्या कंपन्यांत तो पुष्कळदां प्रथम यंत्र वाचतें. अर्ज संगणकांत सांठविले जातात, आणि जागेला लागणाऱ्या शब्दांवरून ते चाळून काढतां येतात. म्हणून जाहिरातींत एस.क्यू.एल. मागितलें असेल आणि उमेदवाराला तें खरोखर येत असेल, तर तेंच नांव पत्रकांत आलें पाहिजे. ‘माहितीसाठ्याचें ज्ञान’ एवढें मोघम लिहून भागत नाहीं. दोन रकाने, रंगीत चौकटी, शोभेचीं चित्रें यांनीं यंत्र गोंधळण्याचा संभव असतो. साधीं शीर्षकें आणि एकाखालीं एक ओळी हा सुरक्षित मार्ग होय. यंत्रानंतर माणूस येतो, आणि त्याच्या पुढ्यांत असल्या कागदांची रास असते. म्हणून नवशिक्या पदवीधराला एक पान पुरे. सर्वांत अलीकडचें काम सर्वांत वर असावें. आधारक्रमांक, घरचा पूर्ण पत्ता असली माहिती या कागदावर घालूं नये. ती अपरिचित हातीं जाण्यांत लाभ कांहींच नाहीं, धोका मात्र आहे. आणि नोकरी लावून देतों म्हणून जो आगाऊ पैसे मागतो, त्याला पत्रकहि देऊं नये आणि पैसेहि देऊं नयेत.

परंतु हा सारा वेष झाला. पत्रकाचा जीव निराळ्या ठिकाणीं आहे, आणि तेथें पोंचण्यासाठीं संगणकाचें ज्ञान लागत नाहीं. लागतात ते तीन साधे प्रश्न. तूं स्वतः काय केलेंस? कशाच्या साहाय्यानें केलेंस? आणि त्यामुळें काय झालें? पत्रकांतील प्रत्येक ओळीला हे तीन प्रश्न विचारावे, आणि ते मराठींत विचारावे. उसन्या इंग्रजीचा एक मोठा दोष असा कीं, तींत कांहीं न सांगतांहि पुष्कळ सांगितल्याचा भास होतो. जी गोष्ट आईला मराठींत समजावून देतां येत नाहीं, ती मुलाखत घेणाराला इंग्रजींत समजावून देतां येईल हा भ्रम होय.

एक कल्पित उदाहरण घेऊं. एका मुलानें लिहिलें आहे: ‘ग्रंथालय-व्यवस्थापन प्रकल्पावर काम केलें. जावा, मायएसक्यूएल.’ आईनें विचारलें, “बाळ, यांत तूं काय केलेंस?” तो म्हणाला, “आम्ही चौघे होतों. पुस्तक शोधण्याचा भाग माझ्याकडे होता.” “त्यांत अवघड काय होतें?” “अग, लोक पुस्तकाचें नांव अर्धवट लिहितात, चुकीचें लिहितात. तरीहि तें सांपडलें पाहिजे, अशी सोय मीं केली. सहा हजार पुस्तकांच्या यादीवर तें करून पाहिलें.” “मग हें तूं कागदावर कां नाहीं लिहिलेंस?” या प्रश्नाला उत्तर नव्हतें. सुधारलेली ओळ अशी झाली: ‘चौघांच्या गटांत पुस्तकशोधाचा विभाग मीं लिहिला, जावा व मायएसक्यूएल, ६,००० नोंदींवर चांचणी, अर्धवट नांवावरूनहि पुस्तक सांपडतें.’ काम तेंच, मुलगा तोच. पूर्वीची ओळ एका वर्गांतील पन्नास जणांची होती. ही ओळ त्याची एकट्याची आहे.

उलट असेंहि घडेल कीं, तीन प्रश्न विचारतांच मुलगा गप्प होईल. तयार प्रकल्प विकत घेऊन त्यावर आपलें नांव घालण्याची चाल आहे, हें उघड गुपित आहे. तसें असेल तर रागावूं नये. परंतु ती ओळ मात्र ठेवूं नये. दोन महिने घालून एखादें लहानसें, पण स्वतःचें काम करावें. केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेट या संकेतस्थळावर बाजारसमित्यांतील शेतमालाचे भाव प्रसिद्ध होत असतात. त्यांतून संत्र्यांचे भाव घेऊन त्यांची चढउतार दाखविणारी छोटी आज्ञावली, म्हणजे प्रोग्राम, लिहितां येईल. ती गिटहबसारख्या सार्वजनिक ठिकाणीं ठेवावी, म्हणजे कोणालाहि उघडून पाहतां येते. काम लहान असल्याची लाज नाहीं. आपलें नसल्याची असावी.

या बाबतींत एका जुन्या अर्जाची आठवण देण्याजोगी आहे. सुमारें १४८२ सालीं लिओनार्दो दा विंची या इटालियन कलावंतानें मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्याकडे आश्रय मागण्यासाठीं एक पत्र तयार केलें. लुदोविकोला युद्धाची चिंता होती. म्हणून या पत्रांत आधीं आहेत ते हलके, उचलून नेतां येणारे पूल, खंदकांतील पाणी काढण्याच्या युक्त्या, तोफा आणि झांकलेले रणगाडे; शिल्प आणि चित्रकला यांचा उल्लेख अगदीं अखेरीस येतो. वाचणाराची गरज आधीं आणि आपली आवड मागून, हा त्या पत्राचा पहिला धडा. दुसरा धडा त्याहून मोठा आहे. यांतील कोणतीहि गोष्ट अशक्य वाटल्यास आपण ती प्रत्यक्ष करून दाखवूं, अशी तयारी त्यानें शेवटीं दर्शविली. त्यानें जें पुढें केलें तें प्रतिज्ञापत्र नव्हतें, प्रत्यय होता. गिटहबवर ठेवलेलें काम हा आजच्या उमेदवाराचा प्रत्यय होय.

कौशल्यांच्या यादीलाहि हाच न्याय लावावा. अलीकडे ‘जावा ८० टक्के, पायथन ७० टक्के’ अशा पट्ट्या काढण्याची टूम निघाली आहे. हे ऐंशी कोणत्या शंभरांतले, हें कोणी सांगत नाहीं. त्याऐवजीं ज्या भाषांत स्वतः काम केलें आहे त्या आधीं आणि ज्यांची नुसती तोंडओळख आहे त्या निराळ्या, अशी प्रामाणिक वांटणी करावी. ज्या शब्दावर दहा मिनिटें बोलतां येत नाहीं तो शब्द काढून टाकावा. कारण मुलाखत घेणारा नेमका त्याच शब्दावर बोट ठेवण्याचा संभव असतो. तसेंच सर्व जागांना एकच पत्रक पाठवूं नये. आज्ञावली तपासण्याची जागा, ग्राहकांच्या अडचणी सोडविण्याची जागा आणि आज्ञावली लिहिण्याची जागा या भिन्न जागा आहेत. कोणतें काम वर यावें आणि कोणतें खालीं जावें, तें त्या त्या जागेवर अवलंबून राहील.

आतां थोड्या नाजूक गोष्टीकडे वळतों. एखाद्या मुलीचें किंवा मुलाचें वर्ष गेलेलें असतें. आमच्या घरांतून त्याचा उच्चारहि हळू आवाजांत होतो, आणि पत्रकांत तें लपवावें असा सल्ला मिळतो. सन पुढेंमागें करूं नये. पदवीचें खरें वर्ष लिहावें आणि तेथें थांबावें. पत्रकावर क्षमायाचना नको. विचारल्यास एका वाक्यांत कारण सांगावें, दुसऱ्या वाक्यांत त्या वर्षांत काय शिकलों तें सांगावें. कांहीं कंपन्या गुणांची अट घालतात, ६० टक्क्यांची अट तर पुष्कळदां दिसते; तीं दारें बंद असतील तर असोत. ज्या दारांत कामाची परीक्षा होते तेथें जावें.

याहून भयंकर सल्ला आहे तो खोट्या अनुभवाचा. पैसे दिले म्हणजे दोन वर्षांच्या नोकरीचा दाखला मिळतो, असें सांगणारे दलाल सर्व शहरांतून असतात. पदवी आणि पूर्वीची नोकरी यांची चौकशी कंपन्या करून घेतात, आणि २०१४ पासून भविष्यनिर्वाह निधीचा एकच क्रमांक कर्मचाऱ्याबरोबर नोकरीगणिक पुढें जातो. त्यावरून कोणी कोठें केव्हां काम केलें हें पडताळतां येतें. लागलेली नोकरी सहा महिन्यांनीं अशा कारणानें गेली, तर घरावर जी कळा येते ती नोकरी न लागण्यापेक्षां अधिक जड असते. आणि पुढील पत्रकांत ते सहा महिनेहि लपवावे लागतात. एक खोटी ओळ दुसरी मागते.

शेवटची गोष्ट नव्या यंत्रांची. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलें, आणि तेव्हांपासून गुळगुळीत इंग्रजी परिचयपत्रक क्षणांत लिहून मिळूं लागलें. व्याकरण सुधारण्यासाठीं त्याचा उपयोग अवश्य करावा. परंतु जेथें सर्वांची भाषा सारखीच सुंदर झाली, तेथें सुंदर भाषेची किंमत उतरली. त्या यंत्राला एक गोष्ट ठाऊक नाहीं: तुम्ही काय केलेंत. तें तुम्हींच सांगितलें पाहिजे. न सांगितल्यास यंत्र तें रचून देईल, आणि त्या रचनेची जबाबदारी मात्र सहीप्रमाणें तुमच्या नांवावर राहील.

म्हणून वडीलमंडळींना माझी विनंति अशी आहे. मुलाला नोकरी कां लागत नाहीं हा प्रश्न रोज रात्रीं जेवतांना विचारण्यापेक्षां एक दिवस त्याचा तो कागद मागून घ्या. त्यांतील इंग्रजी शब्द कळले नाहींत तरी बिघडत नाहीं. एकेका ओळीवर बोट ठेवून ते तीन प्रश्न विचारा, आणि तो मराठींत जें सांगेल तें शांतपणें ऐकून घ्या. ज्या ओळीवर त्याचा आवाज मोकळा होईल ती ओळ वर न्यावी. जेथें तो चांचरेल ती ओळ पुसावी. जें उरेल तें कदाचित् अर्धेंच पान असेल, पण त्या अर्ध्या पानावर तो कोणाहि पुढें ताठ मानेनें बसूं शकेल.