वयात येणारी मुलगी : पहारा की विश्वास?

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या भाषणाचा लेखी पाठ)



कालपर्यंत अंगणात मुलांबरोबर खेळणारी मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की घराची वागणूक बदलते. खेळ थांबतो, येण्याजाण्याच्या वेळा ठरतात आणि ‘कुठे गेली होतीस, कोणाबरोबर होतीस, एवढा वेळ का लागला’ हे प्रश्न रोजचे होतात. मुलगीही बदललेली असते. ती उलट उत्तर देते, लहानशा बोलण्याने दुखावते, मैत्रिणीशी तासन्‌तास बोलते आणि आई-वडिलांशी मात्र मोजकेच बोलते. मुलगी हाताबाहेर चालली, असे पालकांना वाटते. घरात आपले ऐकणारे कोणी उरले नाही, असे मुलीला वाटते.

ही तक्रार घरगुती असली तरी तिचे परिणाम घरापुरते राहत नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार १० ते १९ वयोगटातील व्यक्तींची संख्या सुमारे २५ कोटी ३० लाख, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या एक पंचमांशाहून अधिक होती. त्यातील निम्म्याच्या जवळपास मुली होत्या. त्यांचे शिक्षण, आरोग्य आणि विवाहाचे वय ठरते ते प्रामुख्याने घरात. म्हणूनच मुलीच्या किशोरवयातील पालकत्व हा विकासाचाही प्रश्न आहे.

बदल शरीराचा आणि मनाचा

मुलींमध्ये वयात येण्याची प्रक्रिया साधारणतः ८ ते १३ या वयात सुरू होते आणि त्यांची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलांच्या सुमारे दोन वर्षे आधी येतो. त्यामुळे सहावी-सातवीतील मुलगी दिसायला मोठी आणि मनाने लहान, अशा अवस्थेत असते. मोठी माणसे तिच्या दिसण्यावरून तिच्याकडून समज अपेक्षितात. प्रत्यक्षात भावनांशी संबंधित मेंदूची केंद्रे या वयात अधिक क्रियाशील झालेली असतात. सारासार विचार आणि संयम यांच्याशी निगडित असलेला मेंदूचा पुढचा भाग मात्र पंचविशीच्या आसपासपर्यंत परिपक्व होत राहतो. झोपेची नैसर्गिक वेळही या वयात पुढे सरकते. रात्री जागणारी आणि सकाळी न उठणारी प्रत्येक मुलगी आळशी नसते. तिला आठ ते दहा तासांची झोप आवश्यक असते.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी स्वतःची ओळख घडवणे हे या अवस्थेचे मुख्य कार्य मानले. या दृष्टीने पाहता, आईशी वाद घालणारी मुलगी आईला नाकारत नसते; आपल्याला स्वतःचे मत आहे का, हे ती चाचपून पाहत असते. तथापि प्रत्येक गोष्ट ‘वयाचा भाग’ म्हणून सोडून देणेही योग्य नाही. आठवडेच्या आठवडे टिकणारी उदासी, खाण्यापिण्यात अचानक झालेला बदल, मैत्रिणींपासूनही दूर राहणे किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा दिसल्यास तज्ज्ञांचे साहाय्य त्वरित घ्यावयास हवे.

पाळी आणि पोषण

तमिळनाडूत मुलीच्या पहिल्या पाळीनंतर मंजळ नीराट्टु विळा साजरा होतो, तर आसामात तुलोनी बिया. आपल्या परंपरेत या घटनेचे स्वागत आहे. परंतु अनेक घरांत त्या स्वागतापाठोपाठ निर्बंधही येतात. ज्या घरांत काहीच बोलले जात नाही, तेथे मुलीला पहिली पाळी हा आजार वाटतो. ती येण्यापूर्वीच आईने साध्या शब्दांत माहिती देणे आणि वडिलांनी सॅनिटरी पॅड आणण्यात संकोच न बाळगणे, एवढ्यानेही तिच्या मनावरचे मोठे ओझे उतरते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) १५ ते २४ वयोगटातील ५७.६ टक्के स्त्रिया पाळीच्या काळात आरोग्यदायी साधने वापरत होत्या. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण ७७.३ टक्के झाले. ही समाधानाची बाब होय. परंतु याच काळात १५ ते १९ वयोगटातील मुलींमधील रक्तक्षयाचे प्रमाण ५४.१ वरून ५९.१ टक्क्यांवर गेले. शाळेत दर आठवड्याला लोह व फॉलिक अॅसिडची गोळी देण्याची योजना आहे. मात्र घरात मुलीच्या ताटात काय आणि किती पडते, ती सर्वांच्या मागून जेवते काय, हे कोणतीही योजना ठरवू शकत नाही. थकलेल्या मुलीच्या चिडचिडीचे कारण पुष्कळदा तिच्या स्वभावात नसून रक्तातील लोहाच्या कमतरतेत असते.

खरे बोलण्याची किंमत

मुलीविषयी पालकांना वाटणारी भीती निराधार नसते. रस्त्यावरील छेडछाड, मोबाईलवरून होणारी फसवणूक, फोटोंचा गैरवापर हे धोके खरे आहेत. प्रश्न आहे तो उपायाचा. नेहमीचा उपाय म्हणजे पहारा. स्वीडनमधील संशोधक हाकान स्टाटिन आणि मार्गारेट केर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चौदा वर्षांच्या मुलामुलींची आणि त्यांच्या पालकांची पाहणी केली. पालकांना मुलांविषयी जे ठाऊक असते ते मुख्यत्वे मुलांनी आपणहून सांगितल्यामुळे ठाऊक असते, पाळत ठेवल्यामुळे नव्हे, असे त्यात आढळले.

हा निष्कर्ष भारतीय घराला लावून पाहावा. वाटेत कोणी त्रास देतो, हे मुलीने सांगितले की पुष्कळदा शाळाच बंद होते. अनोळखी व्यक्तीचे संदेश येतात, असे सांगितले की मोबाईल जातो. एखादा मुलगा आवडतो, हे कळले की स्थळे पाहण्यास सुरुवात होते. दोष कोणाचाही असो, किंमत मुलगी मोजते. अशा एक-दोन अनुभवांनंतर ती शहाणी होते आणि बोलणे थांबवते. त्यानंतर खरे संकट आले तरी घराला ते सर्वांत शेवटी कळते. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा कितीही कडक असला तरी त्याची पहिली पायरी कोणीतरी बोलणे हीच आहे.

यातून पालकांसाठी तीन गोष्टी निघतात. खरे सांगितल्याबद्दल शिक्षा होऊ नये. शाळा ही कोणत्याही शिक्षेसाठी पणाला लावली जाऊ नये. आणि घरातील नियम कारणासह सांगितलेले, मुलगा व मुलगी दोघांनाही सारखे लागू असावेत. याचा अर्थ मुलीला वाटेल तसे वागू द्यावे, असा नाही. डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकत्वाच्या शैलींचे जे वर्गीकरण केले, त्यात केवळ हुकूम करणाऱ्या आणि सर्वच मोकळीक देणाऱ्या पालकांहून वेगळी अशी, स्पष्ट मर्यादा आणि आपुलकीचा संवाद यांची सांगड घालणारी शैली त्यांनी अधिक हितकारक मानली.

शाळा, सायकल आणि विवाह

शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ या वयोगटाला लागू आहे. ज्या वयात घराची भीती सर्वाधिक वाढते, नेमके त्याच वयात कायद्याचे हे कवच संपते आणि पुढची शाळा बहुधा दूरच्या गावी असते. बिहारने २००६ साली नववीतील मुलींना सायकल देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार, तिच्यामुळे माध्यमिक शाळेतील मुलींची वयानुरूप पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलामुलींमधील दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. सायकलीने अंतर कमी केले, आणि मुली घोळक्याने जाऊ लागल्याने पालकांची भीतीही कमी झाली.

२० ते २४ वयोगटातील ज्या स्त्रियांचा विवाह १८ वर्षांपूर्वी झाला, त्यांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ४७.४ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २३.३ टक्क्यांवर आले. परंतु २०१३ पासून कन्याश्री योजना राबवणाऱ्या पश्चिम बंगालमध्ये ते तेव्हाही ४१.६ टक्के होते. अर्थसाहाय्य आवश्यकच आहे. मात्र कुजबुजीच्या भीतीने घाईघाईत लग्न उरकणाऱ्या घराचे मन केवळ पैशाने बदलत नाही.

वडील, भाऊ आणि गाव

हे मन बदलू शकते, याचा पुरावाही पश्चिम बंगालमध्येच आहे. बीरभूम जिल्ह्यात ज्या ग्रामपंचायतींचे प्रधानपद सलग दोन कार्यकाळ महिलांसाठी राखीव होते, तेथे मुलगा व मुलगी यांच्याविषयीच्या पालकांच्या आकांक्षांमधील तफावत घटली, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. तेथील मुलींचा घरकामात जाणारा वेळही कमी झाला. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. मुलगी ही वाटणी रोज पाहते. भाऊ अभ्यासाला बसतो आणि ती भांड्यांना, अशा घरात समानतेवरील उपदेश तिला पोकळ वाटल्यास नवल नाही.

मित्रहो, आपल्यापैकी काही जण उद्या गटविकास अधिकारी, तहसीलदार वा पोलीस अधिकारी होतील. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातील समुपदेशन केंद्रे, मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाईन आणि मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ ही टेलि-मानस सेवा आपल्या कार्यक्षेत्रातील मुलींना ठाऊक आहेत काय, हे पाहणे आपले कर्तव्य ठरेल. परंतु अधिकारपदाची वाट न पाहता करण्याजोगेही काही आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी धाकटी बहीण, पुतणी किंवा भाची असेल. तिने एखादी अवघड गोष्ट सांगितली, तर पहिला प्रश्न ‘तू तिथे का गेली होतीस’ हा नसावा. ‘सांगितलेस हे बरे केलेस’ हे त्याचे उत्तर असावे. मुलीचे पुढचे बोलणे, आणि पुष्कळदा तिचे पुढचे शिक्षणही, या एका वाक्यावर अवलंबून असते.