मोटारींतील कुबट वास

आषाढ वद्य एकादशीस, म्हणजे परतवारीला, हिंगोली जिल्ह्यांतील नरसी नामदेव या गांवीं नामदेवरायांच्या दर्शनासाठीं मोठी गर्दी लोटते. नामदेवांचें जन्मगांव म्हणून हें गांव परंपरेनें मानलें जातें, आणि त्यांचीं पदें गुरु ग्रंथसाहिबांत समाविष्ट असल्यानें पंजाबांतील भाविकही येथें येतात. पायीं येणारे वारकरी आजही आहेतच. परंतु नांदेड, परभणी, अकोला या बाजूंचीं पुष्कळ कुटुंबें आतां स्वतःच्या मोटारींतून येतात. दिवस ऐन पावसाचे. पायांस कयाधूकांठचा काळा चिखल, अंगावर ओलीं वस्त्रें, हातांत निथळत्या छत्र्या, अशा थाटांत सारें कुटुंब परतीसाठीं गाडींत शिरतें. कांचा वर होतात, एसीचें बटण दाबलें जातें, आणि त्याच क्षणीं समोरच्या जाळींतून एक कुबट भपकारा नाकावर आदळतो.

यावर बहुतेक घरांत योजिला जाणारा उपाय म्हणजे सुगंधाची बाटली. ती जाळीला अडकविली कीं पहिले दोन दिवस बरें वाटतें. पुढें मोगरा आणि बुरशी यांचा असा कांहीं संकर होतो कीं, त्यापेक्षां नुसती बुरशी पत्करली! गाडींत दम्याचें मूल किंवा थकलेली आजी असेल तर प्रश्न केवळ नाकाचा राहत नाहीं. बुरशीचे सूक्ष्म बीजाणू वाऱ्याबरोबर बंद गाडींत फिरूं लागले म्हणजे दम्याची उबळ येऊं शकते, शिंका व खोकला सुरू होतो. "मला खिडकी उघडी हवी" असा हट्ट आजी धरते, तेव्हां तिला आधुनिक सोयींचें वावडें आहे असें समजून हंसणें बरोबर नव्हे. तिचें नाक खरें सांगत असतें.

हा वास येतो कोठून? हवा थंड करणारें हें यंत्र जन्मास आलें तेंच मुळीं हवेंतील ओल काढण्यासाठीं. न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागांतील एका छापखान्यांत दमट हवेनें कागद फुगे आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसेना. ती अडचण दूर करण्यासाठीं १९०२ सालीं विलिस कॅरियर या तरुण इंजिनियरानें हें यंत्र योजिलें. मोटारींत तें कारखान्यांतूनच बसवून देण्यास अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें १९४० च्या सुमारास प्रारंभ केला. तेव्हां यंत्रांतून पाणी निघणें हा दोष नव्हे. तें त्याचें कामच आहे. ३० अंश सेल्सिअस उष्णतेच्या एक घनमीटर हवेंत फार तर सुमारें ३० ग्रॅम वाफ मावते. तीच हवा ५ अंशांपर्यंत थंड केली कीं जेमतेम ७ ग्रॅम मावते. उरलेली वाफ पाणी होऊन, समोरच्या फळीमागें दडलेल्या कूलिंग कॉइलच्या बारीक पात्यांवर थेंबाथेंबानें सांचते आणि एका नळीवाटे गाडीखालीं गळून जाते. गाडी थांबली, यंत्र बंद झालें, तरी तीं पातीं ओलींच राहतात. त्यांवर रस्त्याची धूळ, पराग, कपड्यांचे तंतू चिकटलेले असतात. अंधार, ओल आणि खाद्य तिन्ही जुळलीं. बुरशीला व जंतूंना आणखी काय हवें?

हिंगोली-वसमतकडच्या शेतकऱ्याला हें निराळें समजवावें लागत नाहीं. हळद शिजविल्यावर ती कडकडीत वाळेपर्यंत तो उन्हांत पसरतो. अर्धओली हळद पोत्यांत भरली तर तिला बुरशी येणार हें तो जाणतो. पण बुरशी आलेल्या हळदीवर अत्तर शिंपडून ती बाजारांत नेल्याचें कोणी ऐकलें आहे काय?

तेव्हां पहिलें काम फिल्टर पाहण्याचें. पुष्कळ गाड्यांत तो डाव्या बाजूच्या खणामागें असतो व घरच्या घरीं निघतो. काळवंडलेला, ओलसर फिल्टर झटकून पुन्हां बसविण्याची काटकसर करूं नये. नवा घालावा, आणि त्यावरील बाणाची दिशा पाहून घालावा. दुसरें काम त्या नळीचें. दमट दिवशीं एसी चालू ठेवून गाडी उभी केली असतां थोड्या वेळानें खालीं पाण्याचें थारोळें दिसलें पाहिजे. तें दिसत नसेल आणि पुढच्या आसनासमोरचा गालिचा हातास ओला लागत असेल, तर नळी चिखलानें किंवा कचऱ्यानें तुंबली आहे असें समजावें. ती मोकळी केल्यावर गालिचा उचलून त्याखालचें अस्तरही उन्हांत वाळवावें. तें ओलें राहिलें तर बाकीची सारी मेहनत व्यर्थ.

इतक्यानेंही वास हटला नाहीं तर कॉइल धुवावी लागते. त्यासाठीं फेसाळ औषध मिळतें. तें कॉइलवर मारलें कीं मळ घेऊन नळीवाटे उतरतें. तें कॉइलवरच पडलें पाहिजे, जाळींतून वरवर फवारून भागत नाहीं. म्हणून जाणत्या कारागिराकडून करविणें बरें. कपडे धुण्याचें ब्लीच येथें वापरूं नये, तें ॲल्युमिनियमचीं पातीं खातें. ओझोन वायू सोडण्याची युक्ति कोणी सुचविली तर तो वायू फुप्फुसांस घातक आहे हें लक्षांत ठेवावें. सारी फळी उघडून कॉइल बाहेर काढणें हा खर्चाचा आणि अगदीं शेवटचा मार्ग.

रोजची संवय मात्र फुकटची आहे. मुक्काम पांच-सात मिनिटांवर आला कीं एसीचें बटण बंद करावें, पंखा चालू ठेवावा आणि बाहेरची हवा आंत घ्यावी. पातीं बरींचशीं सुकतात. पावसाळ्यांत बाहेरची हवाच ओली असल्यानें थोडी गरम हवा सोडली तर अधिक लवकर सुकतात. येथें एक सावधगिरी हवी: कॉइलवरचें पाणी उलट हवेंत मिसळून पुढची कांच एकाएकीं धुरकट होऊं शकते. तसें होतांच एसी पुन्हां लावावा. कॉइल सुकविण्याचा उद्योग गाडी उभी केल्यावर, खिडक्या उघडून करावा. आंतलीच हवा फिरविणारें बटणही तासन् तास दाबून ठेवूं नये.

प्रत्येक वास बुरशीचा नसतो, हेंही खरें. गोडसर वास येऊन कांचेवर तेलकट थर बसत असेल तर इंजिन थंड ठेवणारें द्रव आंत गळत असण्याचा संभव असतो. शेताकडेला उभ्या राहणाऱ्या गाडीच्या पंख्यांत उंदीर घर करतो आणि कधीं तेथेंच मरतो. पेट्रोलचा किंवा जळकट वास आला तर मात्र गाडी तेथेंच थांबवून सर्वांना खालीं उतरवावें.

परतवारीला निघण्यापूर्वींच्या आठवड्यांत एकदां फिल्टर उघडून पाहावा, आणि ओल्या छत्र्यांसाठीं गाडींत एक जुनी बादली ठेवावी.